निवडीचं वय

छत्रपती संभाजीनगरहून जालना रस्त्याने पूर्वेकडे निघालं की चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत मागे पडते, शेंद्रा येतं आणि वीसेक किलोमीटरवर करमाड. गेल्या सव्वाशे वर्षांत या परिसराचं पोट भरण्याचं साधन तीनदा बदललं. १९००च्या आसपास निजामाच्या राज्यातली मनमाड–सिकंदराबाद मीटरगेज रेल्वे इथून गेली आणि कोरडवाहू ज्वारी-बाजरीचा हा मुलूख जालन्याच्या कापूस बाजाराला जोडला गेला. पुढे विहिरींवर मोटारी बसल्या, मोसंबीच्या बागा उभ्या राहिल्या. मग २००१ साली शेजारच्या शेंद्र्यात स्कोडाच्या गाड्या जोडायला सुरुवात झाली, आणि त्यानंतर दिल्ली–मुंबई औद्योगिक पट्ट्यातल्या ‘ऑरिक’ या नव्या औद्योगिक शहरासाठी शेंद्रा आणि बिडकीन या दोन भागांत मिळून सुमारे दहा हजार एकर जमीन ठरवण्यात आली. या शहराच्या मुख्य इमारतीचं उद्घाटन ७ सप्टेंबर २०१९ला झालं. आजोबा कापसाच्या गाडीबरोबर जालन्याला गेले, बापाने मोसंबी जोपासली आणि नातू कारखान्याच्या गेटवर ओळखपत्र दाखवून आत जातो, असा हा तीन पिढ्यांचा प्रवास. यातल्या कुठल्याही पिढीच्या चौदा वर्षांच्या मुलाला ‘तुझ्या गावाला लागेल तेवढंच शीक’ असं सांगितलं असतं, तर तो चाळिशीला पोचेपर्यंत त्याचं शिक्षण निरुपयोगी झालं असतं.

शाळेत सगळं थोडं थोडं शिकवावं की एकच गोष्ट खोलवर शिकवावी, हा वाद आपल्याकडे नेहमी अध्यापनशास्त्राचा प्रश्न म्हणून मांडला जातो. मला तो आधी इतिहासाचा प्रश्न वाटतो. मराठी मुलखातल्या खेड्यांचा दीडशे वर्षांचा शैक्षणिक इतिहास पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. लवकर विशेषीकरण करण्याची सूचना जेव्हा जेव्हा आली, तेव्हा ती करणारा स्वतः सर्वांगीण शिक्षण घेतलेला होता आणि ज्याच्यासाठी ती केली जात होती तो गावातला, गरीब किंवा खालच्या मानलेल्या जातीतला होता. म्हणून व्याप्ती किती आणि खोली किती, याआधी विचारायचे प्रश्न दोन आहेत: निवड कोणत्या वयात होते, आणि ती कोण करतं. सोळाव्या वर्षापर्यंत शाळेने प्रत्येकाला सगळं शिकवावं, त्या ‘सगळ्या’त हाताने करायची कामंही असावीत, आणि त्यानंतर ज्याला जितकं खोल जायचं आहे तितकं जाऊ द्यावं, असं माझं म्हणणं आहे. हा निष्कर्ष कुठून येतो ते मांडतो.

विशेषीकरण ही आधुनिक गोष्ट आहे हा गैरसमज आधी दूर व्हायला हवा. बलुतेदारीइतकी कडक विशेषीकरणाची पद्धत दुसरी सापडणार नाही. लोहाराचा मुलगा भात्यापाशी बसून शिकला, सुताराचा रंध्यापाशी, आणि पैठणच्या विणकराचं पोर मागावर. त्यातून जी कारागिरी निपजली ती पैठणीच्या पदरावर आणि औरंगाबादच्या हिमरूवर आजही दिसते. त्या कौशल्याला कमी लेखण्याचं कारण नाही. पंतोजींची शाळाही तितकीच एकांगी होती. बाराखडी, मोडीचं वळण, पाढे, पावकी-निमकी-पाऊणकी, सवायकी-दिडकी आणि हिशोब, एवढाच तिचा अभ्यास. कुळकर्ण्याची वही आणि वाण्याची चोपडी ज्यांच्या हाती जायची त्यांच्यासाठी हे पुरेसं होतं. या दोन्ही व्यवस्थांत खोली भरपूर होती, आणि दोन्हीकडे निवड जन्माच्या क्षणीच होऊन गेलेली असायची. चांभाराच्या मुलाला हिशोब येत नव्हता आणि कुळकर्ण्याच्या मुलाला चामडं हाताळता येत नव्हतं. यांतल्या पहिल्या उणिवेने माणूस कर्जाच्या कागदावर अंगठा उठवत राहिला. दुसरीने कुणाचं काही बिघडलं नाही. उणिवांची ही विषमता लक्षात ठेवली नाही तर पुढचा सगळा इतिहास नीट कळत नाही.

जोतीराव फुल्यांना ती पक्की ठाऊक होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी खेड्यातल्या प्राथमिक शाळेचा अभ्यासक्रम सुचवला, तो आजही बारकाईने वाचावा असा आहे. मोडी आणि बाळबोध दोन्ही वाचता-लिहिता यावं, हिशोब यावा, सामान्य इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांची तोंडओळख व्हावी, शेतीचं प्राथमिक ज्ञान मिळावं, नीती आणि आरोग्य यांचे काही धडे असावेत, आणि शेतीच्या धड्यांसाठी शाळेला एक छोटी नमुना शेतजमीन जोडलेली असावी. खेड्यातले विषय शहरापेक्षा संख्येने कमी असले तरी चालतील, पण ते तितकेच उपयोगी असावेत, असंही ते म्हणतात. या यादीत शेती आली म्हणून इतिहास बाहेर गेलेला नाही. शेतकऱ्याच्या मुलाला शेतीच शिकवा असं फुले म्हणत नाहीत. त्याला जगाची माहितीही द्या आणि त्याच्या हातातलं काम शास्त्राने समजावून द्या, असं म्हणतात. त्याच हंटर आयोगाने माध्यमिक शाळेसाठी वेगळाच तोडगा काढला: एक शाखा विद्यापीठाकडे नेणारी, आणि दुसरी व्यापार किंवा इतर व्यवसायांकडे नेणारी व्यावहारिक शाखा. ही दुसरी शाखा देशभर कुठेही रुजली नाही. पालकांनी ती नाकारली, कारण नोकरी, वकिली, प्रतिष्ठा हे सगळं पहिल्या दरवाजातूनच मिळतं हे त्यांना दिसत होतं. दोन दरवाजे सारखे असतील तरच त्यांतून निवड करण्याला अर्थ असतो. एक दरवाजा वाड्यात आणि दुसरा गोठ्यात उघडणारा असेल तर तिथे माणूस काही निवडत नाही.

करमाड मात्र तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हतं. मराठवाड्याची शैक्षणिक कहाणी हैदराबाद संस्थानाची आहे आणि ती पुण्या-मुंबईच्या कहाणीत मिसळून टाकणं बरोबर नाही. इथे मराठी मूल प्राथमिक वर्गांत मराठीत शिकलं तरी पुढचा रस्ता उर्दूतून जात होता. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने सगळं उच्च शिक्षण उर्दूतून देण्याचा प्रयोग केला. त्याच्या भाषांतर विभागाने आधुनिक शास्त्रांचे ग्रंथ एका भारतीय भाषेत आणले, ही मोठी कामगिरी होती. १९२३ साली औरंगाबादेत इंटरमीजिएट कॉलेज निघालं आणि मौलवी अब्दुल हक यांच्यासारखा भाषेचा अभ्यासक त्याचा प्राचार्य झाला. पण संस्थानाच्या लोकसंख्येत मराठी, तेलुगू आणि कानडी बोलणारेच बहुसंख्य होते. त्यांच्या मुलांना विज्ञान किंवा इतिहास समजून घेण्याआधी एक परकी वाटणारी भाषा ओलांडावी लागत होती. त्यातून पार पडलेला मुलगा दफ्तरातल्या नोकरीसाठी घडवला जात होता. हेही एका अर्थाने विशेषीकरणच: राज्य चालवायला लागणाऱ्या थोड्या माणसांचं. उर्दूतून जाणाऱ्या या रस्त्याला उत्तर म्हणून औरंगाबादेत १९१५ सालीच सरस्वती भुवन उभी राहिली होती, अंबाजोगाईत योगेश्वरी, हिप्परग्यात राष्ट्रीय शाळा. स्वामी रामानंद तीर्थ राजकारणात उतरण्याआधी हिप्परग्याला आणि अंबाजोगाईला शिक्षक होते, हे योगायोगाने घडलेलं नाही. आपल्या भाषेत सगळे विषय शिकायला मिळावेत ही मागणी मराठवाड्यात स्वातंत्र्याच्या मागणीचाच भाग होती. १७ सप्टेंबर १९४८ला संस्थान भारतात विलीन झालं, आणि १९५१च्या जनगणनेत हैदराबाद राज्यात दहा माणसांत एकाहूनही कमी माणूस साक्षर निघाला. या आकड्यापुढे उभं राहून विज्ञान की वाणिज्य असा प्रश्न विचारणं कुणाला सुचलंही नसतं.

याच काळात मराठी मुलखाच्या दुसऱ्या टोकाला, वर्ध्याला, एक वेगळा विचार मांडला गेला होता. ऑक्टोबर १९३७च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी मूलोद्योगाभोवती सगळं शिक्षण गुंफण्याची, म्हणजे नई तालीमची, कल्पना मांडली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने तिला अभ्यासक्रमाचं रूप दिलं. कल्पनेचं सौंदर्य असं की तिच्यात खोली आणि व्याप्ती यांचा झगडाच नव्हता. चरख्यावर सूत काततानाच अंकगणित, कापसाबरोबर भूगोल, कापडाच्या व्यापाराबरोबर इतिहास. सेवाग्रामच्या आनंद निकेतनमध्ये हे उत्तम जमलं, कारण तिथले शिक्षक स्वतः तसे होते. पण योजना सरकारी शाळांत उतरली तेव्हा टकळी राहिली आणि तिच्याभोवतीचं शिक्षण गळून पडलं. शिवाय ती उतरली मुख्यतः खेड्यांत. शहरातल्या इंग्रजी शाळा जशा होत्या तशाच चालू राहिल्या. त्यामुळे खेड्यातल्या पालकाला नई तालीम ही आपल्या मुलाला मागे ठेवण्याची युक्ती वाटली तर त्याला दोष देता येत नाही. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी याहून पुढची पायरी गाठली: प्राथमिक शाळा अर्धा वेळ, आणि उरलेल्या वेळात मुलाने घरी बापाचा धंदा शिकायचा. शाळा आणि शिक्षक कमी होते, मुलं जास्त होती, त्यामुळे योजनेला व्यावहारिक कारण होतं. पण बापाचा धंदा म्हणजे बापाची जात, हे ओळखून लोकांनी इतका विरोध केला की पुढच्याच वर्षी कामराजांनी ती गुंडाळली. मद्रासच्या लोकांनी वर्षभरात जे ओळखलं ते आजही अनेक सुजाण माणसांच्या लक्षात येत नाही.

मराठवाड्यातल्या मोठ्या गावांत अजून काही जुन्या शाळांच्या नावात ‘बहुविध प्रशाला’ किंवा ‘मल्टीपर्पज’ हा शब्द सापडतो. नांदेडच्या वजिराबादेतलं मल्टीपर्पज हायस्कूल त्याच नावाने ओळखलं जातं. ही नावं लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालच्या १९५२-५३च्या माध्यमिक शिक्षण आयोगाची देणगी आहे. आयोगाचं निदान अचूक होतं: हायस्कूल फक्त विद्यापीठाच्या परीक्षेसाठी चालतं आणि बहुतेक मुलं विद्यापीठात जात नाहीत. उपाय म्हणून त्यांनी एकाच शाळेत सात गट सुचवले. मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, कृषी, ललित कला आणि गृहविज्ञान. समान गाभा सर्वांना आणि त्याच्या जोडीला आपापला गट. वेगवेगळ्या आवडीची मुलं एकाच छपराखाली राहतील, दुसऱ्या दर्जाची वेगळी शाळा निघणार नाही, हा विचार हंटरच्या मानाने फार पुढचा होता. तरीही तो फसला. का फसला याची कारणं कागदावर स्पष्ट आहेत. लेथ आली, पण ती शिकवणारा पदवीधर शिक्षक नव्हता. कृषी गट काढला, पण शाळेला जमीन नव्हती. गट निवडायला मार्गदर्शन करणारं कुणी नव्हतं, म्हणून हुशार मुलं विज्ञानाकडे, मुली गृहविज्ञानाकडे आणि उरलेले जिथे जागा असेल तिथे. या शाळांचे शिक्षक तयार करण्यासाठी अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर इथली चार प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयं निघाली ती १९६३ साली, आयोगाचा अहवाल येऊन दहा वर्षं उलटल्यावर. त्यांची पहिली तुकडी बाहेर पडेपर्यंत दिशाच बदलली होती.

ती बदलली कोठारी आयोगाने. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक: कोल्हापूर जिल्ह्यातला माणूस, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत हात असलेला, खेड्यातली शाळा आतून ओळखणारा. आयोगाने म्हटलं की दहा वर्षं सगळ्यांना एकच सामान्य शिक्षण द्या, गणित आणि विज्ञान सर्वांना सक्तीचं करा, प्रत्येक इयत्तेत कार्यानुभव ठेवा, आणि शाखा दहावीनंतर निवडू द्या. महाराष्ट्राने हा आकृतिबंध स्वीकारला आणि १९७५ साली नव्या दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. या बदलाचं मोल आपण पुरेसं ओळखलेलं नाही, असं मला वाटतं. जुन्या अकरावीच्या पद्धतीत विषयांच्या निवडीला बरीच मुभा होती आणि ती मुभा प्रत्यक्षात कशी वापरली जायची ते बहुविध प्रशालांच्या अनुभवावरून दिसतं: मुलींना आणि ‘मध्यम’ ठरवलेल्यांना गणित-विज्ञानापासून दूर नेण्यासाठी. सक्ती झाली आणि खेड्यातल्या मुलीच्या दप्तरात बीजगणित आलं. तिने ते मागितलं नव्हतं, तिच्या वडिलांनीही नाही. पण त्यामुळे पुढे परिचारिका, अभियंता, औषधनिर्माता होण्याची वाट तिच्यासाठी चौदाव्या वर्षी बंद झाली नाही.

याच आकृतिबंधाने केलेली हानीही सांगायला हवी. कार्यानुभव हा विषय महाराष्ट्रात शिकलेल्या प्रत्येकाला आठवतो: पताका, कागदी फुलं, खडू, मेणबत्त्या आणि शेवटी श्रेणी. १९७७च्या ईश्वरभाई पटेल समितीने त्याला समाजोपयोगी उत्पादक कार्य असं भारदस्त नाव दिलं, पण वेळापत्रकातली त्याची जागा तशीच राहिली, शेवटच्या तासाची. फुल्यांच्या नमुना शेतजमिनीपासून कोठारींच्या कार्यानुभवापर्यंत जो धागा होता तो इथे तुटला. उरली ती पुस्तकी व्याप्ती: आठ-नऊ विषयांचे धडे, त्यांचे प्रश्न, त्यांची अपेक्षित उत्तरं. आणि ही व्याप्तीसुद्धा पोकळ आहे. ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींच्या २०२३च्या ‘असर’ पाहणीत निम्म्याहून कमी मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं, आणि चौघांत एकाला आपल्याच भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता आला नाही. ज्याला भागाकार येत नाही त्याच्या गुणपत्रिकेवर आठ विषय असणं याला सर्वांगीण शिक्षण म्हणता येणार नाही.

इथेच पहिला आणि सर्वांत प्रामाणिक आक्षेप येतो. भागाकार येत नाही, दहावीनंतर तो शाळेत राहणार नाही, मग त्याला आठवीपासूनच वेल्डिंग शिकवलं तर काय बिघडलं? निदान पोट तरी भरेल. हा आक्षेप घेणाऱ्याच्या मनात मुलाबद्दल कळकळ असते, म्हणून त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे. उत्तर करमाडच्या शेजारीच आहे. आयटीआयमधल्या फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन या व्यवसायांना प्रवेश हवा असेल तर गणित आणि विज्ञान घेऊन दहावी उत्तीर्ण व्हावं लागतं. म्हणजे खुद्द कारागिरीच सामान्य शिक्षणाचा पाया मागते. सीएनसी यंत्रावर काम करणाऱ्याला भूमितीचे अक्ष समजावे लागतात, आराखडा वाचावा लागतो, मायक्रोमीटरवरचे दशांश कळावे लागतात. भागाकार न येणाऱ्या मुलाला आठवीत वेल्डिंगला पाठवणं म्हणजे त्याला कारखान्याच्या सर्वांत तळच्या, कंत्राटी, पहिल्या मंदीत सुटणाऱ्या कामासाठी तयार करणं. त्याला भागाकार शिकवणं हे शाळेचं राहिलेलं काम आहे. ते राहिलं म्हणून मुलाचा रस्ता बदलणं अन्याय्य आहे. आणि रोजगाराबाहेरही आयुष्य असतं. औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी संपादित होतात तेव्हा शेतकरी कुटुंबाला नोटीस वाचावी लागते, सातबाऱ्यावरच्या नोंदी तपासाव्या लागतात, मोबदल्याचं व्याज मोजावं लागतं, हरकत कोणत्या मुदतीत घ्यायची हे समजून घ्यावं लागतं, आणि हाती आलेल्या रकमेचं काय करायचं ते ठरवावं लागतं. कुठलाही एक व्यवसाय शिकून हे येत नाही. हे भाषा, गणित आणि नागरिकशास्त्रातून येतं, तेही ते नीट शिकवलं असेल तर.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो आणि तो बाबासाहेब आंबेडकरांच्या आधाराने मांडता येईल. १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी स्पष्ट म्हटलं होतं की कला आणि कायदा यांच्या शिक्षणाने अस्पृश्य समाजाला फारसा उपयोग होणार नाही. त्याला विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं प्रगत शिक्षण हवं, आणि त्याचा खर्च सरकारने उचलावा. मग विशेषीकरण ही वरच्यांची युक्ती आहे असं कसं म्हणता? माझ्या मते हे निवेदन माझ्या म्हणण्याच्या बाजूचंच आहे. आंबेडकर मागत होते ते शिखरावरचं विशेषीकरण होतं, परंपरेच्या धंद्यापासून सर्वांत दूर नेणारं. त्यांनी १९५० साली औरंगाबादेत पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय, पुढचं मिलिंद, सुरू केलं तेव्हा कला आणि विज्ञान या दोन्ही शाखा एकत्र ठेवल्या. मराठवाड्यातल्या गावागावांतून आलेल्या, घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांसाठी त्यांना वेगळं उद्योगमंदिर काढता आलं असतं. त्यांनी ते काढलं नाही.

लातूरचा अनुभवही इथे तपासायला हवा, कारण मराठवाड्याने खोलीचा जो सर्वांत यशस्वी प्रयोग केला तो हाच. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांतून घडलेला ‘लातूर पॅटर्न’ म्हणजे अकरावी-बारावीची दोन वर्षं मोजक्या विषयांवर झोकून देणं: जादा तास, सततच्या चाचण्या, चुकांची पुन्हा पुन्हा उजळणी. त्यावर घोकंपट्टीचा आरोप झाला आणि त्यात तथ्यही होतं. पण पुण्या-मुंबईच्या मक्तेदारीला मराठवाड्याच्या खेड्यांतल्या मुलांनी त्याच बळावर धक्का दिला, हे विसरणं कृतघ्नपणाचं ठरेल. तो यशस्वी झाला यामागे एक अट होती: मुलं सोळा वर्षांची होती आणि दहावीपर्यंत मराठी शाळेत सगळे विषय शिकून आलेली होती. आता तीच पद्धत ‘फाउंडेशन’ या नावाने आठवीपर्यंत आणि काही ठिकाणी त्याहीखाली उतरली आहे. नीट आणि जेईईच्या तयारीत इतिहास, भाषा, चित्रकला हे नुसते अडथळे ठरतात. करमाडइतक्या अंतरावरून शहरातल्या शिकवणीला ये-जा करणारा तेरा वर्षांचा मुलगा आणि आठवीत वेल्डिंगला पाठवलेला मुलगा यांची परिस्थिती वेगळी आहे, पण दोघांची निवड तिसऱ्याच कुणीतरी केलेली आहे. प्रवेशपरीक्षेत न लागलेल्या बहुसंख्यांकडे मग काहीच उरत नाही. संगीत, कुस्ती किंवा बुद्धिबळ लहानपणीच सुरू करावं लागतं हे खरं आहे, पण त्यासाठी शाळेचे विषय सोडावे लागत नाहीत. सकाळचा आखाडा शाळेच्या वेळापत्रकाच्या आड कधी आला नव्हता.

परदेशांचे दाखले दोन्ही बाजूंनी दिले जातात. जर्मनीची शिकाऊ उमेदवारी आदर्श म्हणून सांगणारे एक गोष्ट सांगत नाहीत. तिथल्या बहुतेक राज्यांत दहाव्या वर्षाच्या सुमारास मुलांची वेगवेगळ्या शाळांत विभागणी होते. २०००च्या ‘पिसा’ चाचणीचे निकाल आले तेव्हा मुलाचं यश आणि आईबापांची परिस्थिती यांचं नातं तिथे अतिशय घट्ट असल्याचं दिसून आलं आणि देशभर खळबळ उडाली. फिनलंडने १९७२ ते १९७७ या काळात लवकर विभागणी मोडून सर्वांसाठी एकच शाळा केली, आणि त्यानंतरही उत्तम व्यावसायिक शिक्षण सोळाव्या वर्षानंतर उभं ठेवलं. आपल्याकडे २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयाने शालान्त परीक्षेत गणित ऐच्छिक करता येईल का, अशी विचारणा केली. गणितात अडकून शिक्षण सुटणाऱ्या मुलांची ती काळजी होती आणि ती खरी होती. पण गणित ऐच्छिक झालं की ते कोण सोडेल, याचा अंदाज १९७५ आधीच्या मुलींच्या दप्तरावरून करता येतो. वाईट शिकवलेला विषय काढून टाकण्याने शिकवणं सुधारत नाही.

२०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण या इतिहासात कुठे बसतं? सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांजवळ काम शिकावं, कला-विज्ञान-व्यवसाय यांच्यातल्या भिंती पाडाव्यात, हे त्यातलं म्हणणं फुल्यांच्या यादीच्या जवळ जाणारं आहे आणि ते मनापासून स्वागतार्ह आहे. मात्र नववी ते बारावी हा एक टप्पा मानून विषयनिवडीची मुभा नववीपासून देण्यात धोका आहे. संभाजीनगर शहरातल्या मोठ्या शाळेत ती मुभा रोबोटिक्स आणि संगीत यांत असेल. दोन विषयशिक्षकांवर चालणाऱ्या गावच्या शाळेत ती ‘जे उपलब्ध आहे ते’ अशी असेल, बहुविध प्रशालांसारखीच.

खर्चाचा आक्षेप राहतो, आणि मुदलियार योजना बुडाली ती त्याच खडकावर. प्रत्येक गावात कार्यशाळा, यंत्रं, निदेशक हे सगळं कुठून आणायचं? याचं चालतं उत्तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळला आहे. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. मूलभूत तंत्रज्ञान हा त्यांचा विषय आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातून एक दिवस काम करायला लावतो. त्याचे चार भाग आहेत: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. कोणतंही मूल यातला एकच भाग निवडत नाही, सगळे करतात. शिकवायला गावातलाच सुतार, वायरमन, गवंडी येतो, आणि मुलांनी केलेलं काम गावाला वापरता येतं. राज्य मंडळाने हा विषय शालान्त परीक्षेसाठी मान्य केला, म्हणजे तो शेवटच्या तासाचा कार्यानुभव उरला नाही. इथे हाताचं काम व्याप्तीचाच भाग आहे, आणि इतर विषय त्यासाठी सोडावे लागत नाहीत.

मराठवाड्याला यात एक सोय आहे जी पश्चिम महाराष्ट्राला नाही. तिथली हायस्कुलं बहुतांशी खासगी संस्थांची आहेत. इथे हैदराबाद राज्याच्या सरकारी शाळा वारशाने आल्या आणि १ मे १९६२ला जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर माध्यमिक प्रशालाही त्यांच्याकडे गेल्या. त्याच जिल्हा परिषदेकडे कृषी विभाग आहे, पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, बांधकाम आणि पाणीपुरवठा विभाग आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत. पाबळच्या विषयाचे चार भाग आणि परिषदेचे हे विभाग जवळजवळ एकास एक जुळतात. करमाड परिसरातल्या आठवीच्या वर्गाला दर आठवड्याचा एक दिवस यातल्या एकेका विभागाच्या माणसाबरोबर काढायला लावायचं असेल, तर त्यासाठी नवीन संस्था, नवीन इमारत किंवा चार प्रादेशिक महाविद्यालयं लागणार नाहीत. शाळा आणि विभाग एकाच अध्यक्षांच्या, एकाच मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या हाताखाली आहेत. सर्वसाधारण सभेचा ठराव आणि शिक्षण समितीने आखलेलं वेळापत्रक, एवढ्यावर त्याची सुरुवात करता येते.